सातारा-सांगलीतून निःशस्त्रीकरण आणि आंतरराष्ट्रीय कायद्याकडे: नव्यांसाठी वाट

कायदा शिकणारी आपल्या भागातली मुलं-मुली अधूनमधून विचारतात: अण्वस्त्रबंदी, भूसुरुंगबंदी, युद्धाचे कायदे यात काम करायचं तर सुरुवात कुठून करायची? विचारणाऱ्यांत फौजी घरांतली बरीच असतात. मला त्याचं नवल वाटत नाही.

माझं उत्तर ठरलेलं आहे. या विषयाच्या बैठका जिथे भरतात त्या जिनिव्हाचं तिकीट सगळ्यात शेवटी काढायचं, कागद वाचायला मात्र आजच बसायचं. या क्षेत्रात मोर्चे आणि भाषणं असतात, पण दिवसाचा मोठा भाग जातो तो करार वाचण्यात, मसुदे लिहिण्यात आणि दिलेला शब्द कोणत्या देशाने पाळला याचा पाठपुरावा करण्यात. यातली निम्म्याहून जास्त तयारी साताऱ्यात किंवा सांगलीत बसून होते.

काम नेमकं काय असतं

भूसुरुंगांचं उदाहरण घेऊ. १९९२ मध्ये सहा स्वयंसेवी संस्थांनी मिळून भूसुरुंगबंदीची आंतरराष्ट्रीय मोहीम सुरू केली. त्यात जखमींवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते, सुरुंगात पाय गेलेली माणसं होती आणि वकीलही होते. डिसेंबर १९९७ मध्ये कॅनडात ओटावा इथे करारावर सह्या झाल्या. त्याच वर्षी मोहिमेला आणि तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना शांततेचं नोबेल मिळालं. १ मार्च १९९९ पासून करार लागू झाला. खरं रोजचं काम सुरू झालं ते त्यानंतर. कोणी साठा नष्ट केला, किती जमीन सुरुंगमुक्त झाली, किती माणसं दगावली, याचा ‘लँडमाइन मॉनिटर’ हा अहवाल ही मोहीम १९९९ पासून काढते. त्यासाठी देशोदेशीचे संशोधक वर्षभर आकडे तपासत बसलेले असतात. २००८ चा क्लस्टर बॉम्बबंदी करार आणि २०१७ चा अण्वस्त्रबंदी करार याच पद्धतीने, बाहेरच्या मोहिमा आणि आतली पाठिंबा देणारी सरकारं यांच्या जोडीने पुढे गेले.

हे काम करणारी माणसं चार-पाच ठिकाणी सापडतात: परराष्ट्र मंत्रालयात, संयुक्त राष्ट्रांच्या आणि करारांनी उभ्या केलेल्या संस्थांत, अण्वस्त्रबंदीसाठी झटणाऱ्या ‘आयकॅन’सारख्या मोहिमांत, रेडक्रॉसमध्ये, विद्यापीठांत आणि अभ्याससंस्थांत. आणखी एक जागा कारखान्यांत आहे. तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही, म्हणून पुढे वेगळं लिहिलंय.

पहिली पायरी: घरी बोलून घ्या

ही पायरी मी मुद्दाम पहिली ठेवतोय. साताऱ्यात १९६१ पासून सैनिक स्कूल आहे, देशातलं पहिलं. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावाच्या नावातच फौज आहे. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जवान कामी आले. अशा मुलखात ‘मी निःशस्त्रीकरणाचं काम करणार’ म्हटलं की रिटायर्ड सुभेदार असलेले आजोबा आधी चमकणार. ‘म्हणजे फौजेच्या विरोधात?’ हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर तयार असू द्या.

उत्तर असं की युद्धाचे कायदे सुरू झाले तेच सैनिकांच्या हालांतून. १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला देश जमले आणि शरीरात फुटणाऱ्या गोळ्या त्यांनी वर्ज्य ठरवल्या, कारण त्या गोळीने जवानाचे नुसते हाल होतात, लढाईत त्याहून जास्त काही साधत नाही. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने माणसं मेली आणि १९२५ चा जिनिव्हा प्रोटोकॉल आला. मेसोपोटेमियात कूट-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१६ मध्ये कूट पडलं, जवान कैदेत गेले आणि त्यातले कितीतरी परतले नाहीत. युद्धकैद्यांसाठीचा स्वतंत्र जिनिव्हा करार १९२९ मध्ये झाला तो त्या महायुद्धातल्या कैद्यांच्या अनुभवावर. २००१-०२ मध्ये ‘ऑपरेशन पराक्रम’च्या वेळी पश्चिम सीमेवर सुरुंग पेरले गेले, तेव्हा ते पेरताना आणि काढताना आपले जवानही जखमी झाले, सीमेवरच्या शेतकऱ्यांचे पायही गेले. आजोबांना हे सांगा. बहुतेकदा त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं निघतं, आणि ते तुम्ही लिहून ठेवावं.

नौदलप्रमुख म्हणून निवृत्त झालेले ॲडमिरल रामदास अलिबागजवळ राहायचे. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर देशात अण्वस्त्रविरोधी संघटनांची जी आघाडी २००० मध्ये उभी राहिली, तिच्यात ते पुढे होते. गणवेश आणि हे काम यांचं वैर नाही याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

दुसरी पायरी: पदवी

इथे फार घोळ घालू नका. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी, दोन्ही चालतात. राज्याची कायद्याची सीईटी मराठीतूनही देता येते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची राष्ट्रीय विधी विद्यापीठं मिळाली तर उत्तमच, पण साताऱ्याचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज किंवा सांगलीचं एन. एस. सोटी लॉ कॉलेज इथून सुरुवात केली म्हणून कोणतंही दार बंद होत नाही. सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा हा पेपर सगळीकडे सक्तीचा आहे. मुलं तो गाईड वाचून काढतात. तुम्ही तसं करू नका. पुढे पोटापाण्याचा विषय हाच आहे.

एलएलबीनंतर दिल्लीला जाता आलं तर पाहा. इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ ही १९५९ पासूनची संस्था आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्यासारख्या विषयांत पदविका अभ्यासक्रम चालवते. जेएनयू आणि साउथ एशियन युनिव्हर्सिटीत आंतरराष्ट्रीय कायद्याचं पुढचं शिक्षण होतं. परदेशात जिनिव्हा अकॅडमी आणि नेदरलँड्समधलं लायडन ही या विषयासाठी ओळखली जाणारी ठिकाणं. राज्यशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्राचे विद्यार्थीही या क्षेत्रात लागतात. रासायनिक अस्त्रबंदीच्या तपासणीला वकील पुरत नाहीत, तिथे केमिस्ट लागतो.

तिसरी पायरी: वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

सुरुवात मराठीतून करा. वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश आता नेटवर फुकट आहे. त्यातल्या आंतरराष्ट्रीय कायदा आणि निःशस्त्रीकरण या नोंदी जुन्या असल्या तरी पाया पक्का करतात. मग संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृक्‌श्राव्य ग्रंथालयातली व्याख्यानं ऐका, तीही फुकट आहेत. संयुक्त राष्ट्रांच्याच निःशस्त्रीकरण कार्यालयाचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. त्यांची प्रमाणपत्रं जमवत बसू नका, एक-दोन नीट करा.

त्यानंतर करार मुळातून. एक करार घ्या आणि त्याच्यासोबत महिनाभर राहा. ओटावा करार सोपा आणि आटोपशीर आहे, तो घ्या. चौथ्या कलमात साठा चार वर्षांत नष्ट करायचा आहे. पाचव्यात पेरलेले सुरुंग दहा वर्षांत काढायचे आहेत, आणि जमलं नाही तर मुदतवाढ मागायची सोय आहे. आता मुदतवाढीचे अर्ज शोधा. ते सगळे जाहीर असतात. एखादा देश लिहितो की इतकी जमीन राहिली, इतक्या तुकड्या आहेत, इतका पैसा कमी पडतो. तो अर्ज वाचून स्वतःला विचारा: दिलेल्या वेगाने हिशेब केला तर मागितलेल्या वर्षांत काम खरंच उरकेल का? वहीत भागाकार करून पाहा. मोहिमांचे लोक जिनिव्हात नेमकं हेच करतात, आणि त्या देशाच्या शिष्टमंडळाला नेमके तेच आकडे विचारतात.

मग विसाव्या कलमाकडे या. बाहेर पडायचं असेल तर सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पण सहा महिने संपताना तो देश सशस्त्र संघर्षात असेल, तर संघर्ष संपेपर्यंत त्याची सुटका नाही. १९९७ मध्ये हे कलम कोणी फारसं वाचत नव्हतं. २०२५ मध्ये एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी करार सोडायचं ठरवलं आणि तेच कलम सगळ्यांच्या टेबलावर आलं. हा मागे जाण्याचा काळ आहे. या क्षेत्रात येणाऱ्याने ते डोळे उघडे ठेवून पाहावं. मला वाटतं, कराराचा शब्द न् शब्द माहीत असलेल्या माणसांची गरज आत्ताच जास्त आहे.

न्यायालयीन बाजूसाठी दोन निकाल पुरे. पहिला, आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा ८ जुलै १९९६ चा अण्वस्त्रांवरचा सल्लागार अभिप्राय. त्यात अण्वस्त्रांचा वापर कायद्यात बसतो का, या मुख्य मुद्द्यावर न्यायाधीश सात विरुद्ध सात असे विभागले आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल लागला. अण्वस्त्रमुक्तीच्या वाटाघाटी प्रामाणिकपणे करून त्या शेवटाला नेण्याच्या कर्तव्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. दुसरा, याच वाटाघाटींचं कर्तव्य पाळलं नाही म्हणून मार्शल बेटांनी भारताविरुद्ध केलेला खटला. अमेरिकेने जिथे अणुचाचण्या केल्या तो हा चिमुकला देश. ५ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यायालयाने नऊ विरुद्ध सात मतांनी सांगितलं की दोन्ही देशांत कायद्याच्या अर्थाने ‘वाद’च नव्हता, म्हणून आपल्याला अधिकारक्षेत्र नाही. वेगळी मतं आणि असहमतीची मतंही वाचा. माझ्या मते बहुमताने इथे दार फार अरुंद केलं. तुमचं मत वेगळं झालं तरी चालेल, पण वाचून होऊ द्या.

चौथी पायरी: भारत काय म्हणतो ते तोंडपाठ हवं

नवी मुलं इथे कच्ची असतात. बाहेरच्या बैठकीत तुम्ही भारतातून आलात म्हटल्यावर पहिला प्रश्न भारताबद्दलच येतो.

भारत अण्वस्त्रप्रसारबंदी करारात नाही, अणुचाचण्यांवर संपूर्ण बंदी घालणाऱ्या सीटीबीटी करारावर सही नाही, ओटावा करारात नाही, २०१७ च्या अण्वस्त्रबंदी करारातही नाही. ही एक बाजू. दुसरी बाजू अशी: १९५४ मध्ये अणुचाचण्या थांबवण्याची सूचना नेहरूंनी मांडली होती. १९८८ मध्ये राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत टप्प्याटप्प्याने अण्वस्त्रमुक्तीचा आराखडा ठेवला. अण्वस्त्रांच्या वापराला बंदी घालणाऱ्या कराराचा ठराव भारत १९८२ पासून आमसभेत मांडत आलाय. रासायनिक अस्त्रांचा जाहीर केलेला साठा भारताने २००९ पर्यंत पूर्ण नष्ट केला. १९९६ मध्ये जिनिव्हात सीटीबीटीला नकार देताना राजदूत अरुंधती घोष एकट्या पडल्या होत्या. त्यांचा युक्तिवाद मान्य असो वा नसो, तो वाचल्याशिवाय भारताची भूमिका कळत नाही.

स्वयंचलित मारक यंत्रांचा, म्हणजे माणसाच्या हुकमाशिवाय लक्ष्य निवडून मारणाऱ्या शस्त्रांचा विषय आणखी ताजा आहे. जिनिव्हातल्या सरकारी तज्ज्ञगटाचे पहिले अध्यक्ष भारताचे राजदूत अमनदीपसिंग गिल होते. त्याच विषयावर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला आमसभेचा ठराव आला तेव्हा भारताने विरोधात मत दिलं. चर्चेची योग्य जागा जिनिव्हाच आहे, ही त्यामागची भूमिका. मतदानाचा नुसता तक्ता पाहिला तर हे कळत नाही. दर ऑक्टोबरात आमसभेच्या पहिल्या समितीत, म्हणजे निःशस्त्रीकरणाचा विषय पाहणाऱ्या समितीत, मतदानानंतर देश आपापलं स्पष्टीकरण देतात. ती स्पष्टीकरणं ‘रीचिंग क्रिटिकल विल’ या उपक्रमाने नीट जपून ठेवली आहेत. हा उपक्रम १९१५ मध्ये हेगला स्थापन झालेल्या स्त्रियांच्या शांतता संघटनेचा. ऑक्टोबरभर त्यांचं बातमीपत्र वाचलंत तर कॉलेजच्या एका सत्रापेक्षा जास्त शिकाल. संसदेतल्या प्रश्नांना परराष्ट्र मंत्रालयाने दिलेली उत्तरंही नेटवर आहेत.

सरकारशी असहमत होण्याचा हक्क तुम्हाला आहेच. राज्यघटनेचं ५१ वं कलम आंतरराष्ट्रीय शांतता आणि करारांचा आदर यांचंच नाव घेतं. पण विरोध करायचा तर सरकारचा मुद्दा त्याच्या सगळ्यात भक्कम रूपात मांडता आला पाहिजे.

पाचवी पायरी: भाषा आणि मूट कोर्ट

इंग्रजी लिहिण्याची सवय रोज एक पान. चूक-बरोबर नंतर, आधी पान भरा. फ्रेंच शिका, जिनिव्हात ती कामाची भाषा आहे, आणि तीन-चार वर्षं हळूहळू शिकलात तरी नोकरीच्या वेळेपर्यंत बऱ्यापैकी येते.

मूट कोर्टात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यांत, जेसप आणि हेन्री ड्युनांट या दोन स्पर्धांकडे लक्ष ठेवा. दुसरी खास मानवतावादी कायद्याची आहे आणि रेडक्रॉस तिच्या मागे असते. कॉलेजात संघ नसेल तर प्राचार्यांकडे अर्ज घेऊन जा: सर, आम्ही तिघं तयार आहोत, प्रवेश शुल्काची सोय करा. असे अर्ज फारसे येत नाहीत, त्यामुळे आलेल्याचं काहीतरी होतं.

सहावी पायरी: पैसा

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते. जिनिव्हा आणि न्यूयॉर्क ही जगातली महाग शहरं. शेतकरी किंवा शिक्षकाच्या घरातल्या मुलीने तिथे दोन-तीन महिने स्वखर्चाने राहायचं, ही व्यवस्थाच अन्यायाची आहे, आणि ती बदलावी म्हणून आपण बोललं पाहिजे. तोवर कर्ज काढून इंटर्नशिपला जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो. शिष्यवृत्ती हातात असेल तरच जा. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, सारथी आणि इतर संस्थांच्या योजना, ब्रिटनची चिव्हनिंग यांच्या अटी दरवर्षी जाहिरातीत वाचा. सरकारी योजनांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. प्रवेश घेण्याआधी ती तपासा, नंतर नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय कायदा अकादमीच्या उन्हाळी वर्गांनाही शिष्यवृत्त्या असतात.

मग पोट कशावर भरायचं? आपल्या भागातल्या माणसासाठी मला सगळ्यात भक्कम वाटते ती अध्यापनाची वाट: एलएलएम, नेट किंवा सेट, आणि लॉ कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणं. पगार येतो, वाचन होतं, सुट्टीत परिषदांना जाता येतं. सनद काढून जिल्हा न्यायालयात वकिली करत संध्याकाळी हा अभ्यास करणं शक्य आहे, पण ज्युनिअरची पहिली वर्षं कशी जातात ते कोर्टाच्या आवारात कोणालाही विचारा.

सरकारी बाजूला परराष्ट्र सेवेतून निःशस्त्रीकरण विभागात जाता येतं, आणि मंत्रालयाचा कायदा व करार विभाग कायद्याच्या पदवीधरांची भरती यूपीएससीमार्फत करतो. संयुक्त राष्ट्रांची यंग प्रोफेशनल्स परीक्षा ३२ किंवा त्याहून कमी वयाच्यांसाठी असते. त्या वर्षी भारत यादीत आहे का ते आधी पाहा. दिल्लीत १९६५ पासून संरक्षण अभ्यासाची जी संस्था आहे, आता मनोहर पर्रीकरांच्या नावाची, तिच्या स्थापनेत पुढाकार आपल्या यशवंतरावांचा, ते संरक्षणमंत्री असतानाचा. देवराष्ट्र्याला जन्मलेल्या, कराडात वाढलेल्या माणसाला देशाच्या संरक्षणाचा अभ्यास मोकळ्या चर्चेने व्हावा असं वाटलं, ही गोष्ट आपल्याकडे कमी सांगितली जाते. तिथे संशोधन सहायकांच्या जागा निघतात.

आता कारखान्यांची गोष्ट. रासायनिक अस्त्रबंदी करार पाळण्यासाठी भारतात २००० चा कायदा आहे. ठराविक रसायनं ठराविक प्रमाणाच्या वर बनवणाऱ्या कारखान्यांना माहिती द्यावी लागते, आणि या करारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचे तपासनीसही हेगहून येऊ शकतात. शिवाय दुहेरी वापराच्या, म्हणजे नागरी कामाला आणि शस्त्रांनाही उपयोगी पडणाऱ्या वस्तूंच्या निर्यातीला परवाना लागतो. त्या यादीला स्कोमेट म्हणतात, आणि तिच्यात गंज न धरणाऱ्या खास मिश्रधातूंचे काही पंप आणि व्हॉल्व्हही येतात. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या एमआयडीसीत पंप, व्हॉल्व्ह, कास्टिंग परदेशी पाठवणारे किती आहेत ते तुम्हीच पाहता. त्यातल्या लहान उद्योजकांना ही यादी समजावून सांगणारा, परवान्याचे कागद नीट करून देणारा वकील हवा असतो. हे रोख पैशाचं काम आहे आणि शस्त्रप्रसार रोखण्याचंही. कायदा शिकलेल्या पोरांनी इकडे गंभीरपणे बघावं.

सातवी पायरी: पहिलं लिखाण

अर्जासोबत प्रत्येक ठिकाणी लिखाणाचा नमुना मागतात. तो आत्तापासून तयार ठेवा: एक करार, एक कलम, एक प्रश्न, दोन हजार शब्दांच्या आत. ‘जागतिक शांतता आणि भारत’ असले विषय घेऊ नका. त्यात तुम्हाला काय येतं ते दिसत नाही. ‘ओटावा करारातल्या विसाव्या कलमाने युद्धात असलेल्या देशाला काय करता येतं’ असा घ्या. प्रत्येक विधानाखाली मूळ दस्तऐवजाचा क्रमांक द्या. एका प्राध्यापकाला आणि विषय अजिबात माहीत नसलेल्या एका मित्राला वाचायला द्या. मित्र जिथे अडखळेल ते वाक्य पुन्हा लिहा.

त्याचं मराठी रूपही करा, कारण मराठीत या विषयावर ताजं वाचायला फार थोडं मिळतं. माजी सैनिकांच्या मेळाव्यात, कॉलेजच्या एनएसएस शिबिरात, ६ ऑगस्टला हिरोशिमा दिनी ते वाचून दाखवा आणि प्रश्न घ्या. तिथे आलेले प्रश्न वहीत उतरवा; तुमचा दुसरा लेख त्यातूनच निघेल. पहिला लेख पूर्ण झाला की पासपोर्टचा अर्ज भरून ठेवा. परिषदेचं बोलावणं येतं तेव्हा हातात दोन-तीन आठवडेच असतात, आणि व्हिसाची तारीख त्यातच मिळवायची असते.